लहान टर्बो-डिझेल इंजिन : रचना, गुण आणि दुखणी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञानाचे शिक्षक होते. यंत्राचा कोणताही भाग मराठीत समजावून सांगता येतो, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ती ते रोज वर्गात खरी करून दाखवीत. मी आयुष्यभर संतवाङ्मय शिकवले. अशा माणसाने मोटारीच्या इंजिनावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाशी आपल्यापैकी अनेकांचा पैसा, वेळ आणि काहींची तर रोजची भाकरी निगडित आहे. शिवाय गेली पंधरा वर्षे मी स्वतः असे इंजिन असलेली गाडी वापरीत आहे आणि उद्यमबागेतल्या एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजात बसून पुष्कळ काही शिकलो आहे. म्हणून हा विषय निवडला.

विवेचनासाठी मी एकच इंजिन घेतो : फियाट कंपनीचे १.३ लिटरचे मल्टिजेट. २००३ साली ते बाजारात आले. त्या वेळी फियाट आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांची भागीदारी होती आणि इंजिन पोलंडमधील बिएल्स्को-बियावा येथे तयार होत असे. भारतात मारुतीने २००७ साली ते स्विफ्ट गाडीत आणले. पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटांची इंडिका व्हिस्टा, फियाटच्या पुंटो आणि लिनिया अशा कितीतरी गाड्यांत तेच बसले. पुण्याजवळच्या रांजणगाव येथेही त्याचे उत्पादन झाले. एकच इंजिन इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत दिसू लागल्यामुळे मोटारविषयक नियतकालिके त्याला थट्टेने भारताचे राष्ट्रीय इंजिन म्हणू लागली.

आता त्याची मापे पाहू. यात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि त्यात वर-खाली होणाऱ्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ८२ मिलिमीटर. यावरून एका सिलिंडरची धारणशक्ती सुमारे ३१२ घन सेंटिमीटर येते. चारांची मिळून १२४८. दर सिलिंडरला चार, अशा एकूण सोळा झडपा आहेत. साध्या आवृत्तीची शक्ती ४००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्ती आणि फिरवण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर. पुढे ९० अश्वशक्तीची आवृत्ती आली. तिचा जोर २०० न्यूटन-मीटर असून तो १७५० फेऱ्यांनाच मिळतो.

या आकड्यांचा व्यवहारातला अर्थ काय? अश्वशक्ती सपाट रस्त्यावरचा वेग सांगते; टॉर्क चढ सांगतो. गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावला येताना भरलेली गाडी वरच्या गिअरमध्येही न कुरकुरता चढते, ती या १९० आकड्यामुळे. हा जोर कमी फेऱ्यांत मिळतो, म्हणून इंजिन ओरडत नाही आणि इंधनही कमी जळते.

इतक्या लहान इंजिनात इतका जोर कोठून आला, हे समजण्यासाठी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील.

पहिली, डिझेलचे मूळ तत्त्व. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीरीत्या चालवून दाखवले. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सतरा-अठरापट दाबली जाते. त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सियसच्या पुढे तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा पडताच ते आपोआप पेटते.

दुसरी गोष्ट टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर पूर्वी वायाच जात असे. त्या धुराच्या मार्गात एक लहान चक्र बसवले, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र लावले आणि त्याच्याकडून ताजी हवा दाबून सिलिंडरात ढकलली, की जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त जोर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ सालीच घेतले होते. हे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हा तेलाचा थर विसरू नका. पुढे त्याचेच काम आहे.

तिसरी गोष्ट सामाईक नळीची, म्हणजे कॉमन रेलची. पंप डिझेल एका जाड नळीत दाबून ठेवतो. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या चौदाशे ते सोळाशे पट असतो. तेथून इंजेक्टर संगणकाच्या आज्ञेनुसार फवारा सोडतात. मल्टिजेटचे वैशिष्ट्य असे की, एका स्फोटासाठी एकच मोठा फवारा न मारता तो पाचपर्यंत लहान फवाऱ्यांत विभागता येतो. आधी थोडेसे इंधन पेटून वातावरण तयार होते, मग मुख्य फवारा येतो. त्यामुळे जुन्या डिझेल गाड्यांचा खडखडाट आणि धूर पुष्कळ कमी झाला.

एवढे गुण असलेले हे इंजिन बहुतेक वेळा दीर्घायुषी ठरते. तरीही त्याची काही ठरावीक दुखणी आहेत, आणि ती जवळजवळ सर्व माणसाच्या सवयींतून उद्भवतात.

सर्वांत महागडे दुखणे टायमिंग चेनचे. झडपा योग्य क्षणी उघडाव्यात म्हणून खालचा मुख्य दांडा आणि वरचा झडपांचा दांडा एका साखळीने जोडलेले असतात. ही साखळी ताणून धरणारा ताणक तेलाच्या दाबावर चालतो. या इंजिनात तेल मावते जेमतेम तीन लिटर. त्यातले अर्धा-पाऊण लिटर कमी झाले किंवा तेल काळे, दाट झाले, की साखळीचे सांधे झिजतात, ती लांबते आणि ताणक तिला आवरू शकत नाही. सकाळी इंजिन सुरू करताच काही क्षण पुढच्या बाजूने साखळी वाजल्याचा खळखळ आवाज येतो. हीच सूचना. ती डावलली तर साखळी एखादा दात ओलांडते, झडपा पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडण्यावाचून इलाज राहत नाही.

आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले. तो बेळगाव-पणजी मार्गावर टॅक्सी चालवतो. जुनी गाडी घेताना सकाळच्या आवाजाबद्दल त्याने विचारले, तेव्हा विकणाऱ्याने सांगितले, "डिझेलचा आवाज असाच असतो." चार महिन्यांनी घाटात, गाडीत प्रवासी असताना इंजिन बंद पडले. प्रवासी सुखरूप उतरले. पण दुरुस्तीत त्याची ऐन पर्यटनाच्या हंगामातली सगळी कमाई गेली आणि मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी त्याला कर्ज काढावे लागले. डिझेलचा एकसारखा टकटक आवाज आणि साखळीची क्षणभराची खळखळ यांतला फरक त्याला कोणी सांगितला असता, तर हे टळले असते.

दुसरे दुखणे ईजीआर झडपेचे. धुरातील नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून थोडा धूर पुन्हा आत घेतला जातो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते. पण धुरातली काजळी आणि तेलाची वाफ मिळून चिकट थर बनतो आणि झडप अडकते. गाडीचा पिकअप जातो, काळा धूर येतो, कधी संगणक स्वतःच इंजिनाची शक्ती मर्यादित करतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाड्यांत हे अधिक आढळते. झडप काढून साफ करणे हा इलाज. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवणे हे पथ्य.

युरोपातल्या गाड्यांत काजळी अडवणारी गाळणीही असते. ती तापवून काजळी जाळताना प्रवास अर्धवट राहिला, तर न जळलेले डिझेल तेलात उतरते आणि तेल पातळ होते. तेलाची पातळी वाढलेली दिसली तर ते आनंदाचे लक्षण नव्हे. आपल्याकडच्या २०२० पूर्वीच्या मारुती गाड्यांत ही गाळणी नव्हती.

तिसरे दुखणे टर्बोचे. तेल खराब झाले की तरंगणारा दांडा घासतो, शिट्टीसारखा आवाज येतो, निळसर धूर दिसतो. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. अर्धा-एक मिनिट इंजिन मंद चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या दांड्याला तेल मिळत राहते. चौथे इंजेक्टरचे. त्याची छिद्रे अतिशय बारीक. डिझेलमधील पाणी व कचरा त्यांना सोसत नाही. म्हणून इंधनाचा फिल्टर वेळेवर बदलावा.

या सर्वांतून एक गोष्ट स्पष्ट होते : चारांपैकी दोन दुखण्यांचे मूळ तेलात आहे. युरोपात या इंजिनासाठी ३० हजार किलोमीटरपर्यंतची मुदत सांगितली गेली. आपल्याकडे १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, हा नियम राहिला. धूळ, उष्मा आणि घाट पाहता तो तंतोतंत पाळावा. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे तेल घालावे आणि पंधरवड्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करून, थंड असताना, डिपस्टिक पाहावी.

१९ ऑक्टोबर २०१४ रोजी डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि लहान डिझेल गाडीचा आर्थिक आधार डळमळला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि आपल्या देशातील या इंजिनाचा नव्या गाड्यांतला प्रवास संपला. मात्र रस्त्यावर ते अजून आहे. त्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, म्हणजे बहुधा कमी पैसा असलेल्या आणि गाडीवरच पोट असलेल्या माणसाकडे गेल्या आहेत. म्हणून ही माहिती आजच अधिक गरजेची झाली आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच : रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्वतः सुरू करून ऐका, तेल बदलल्याच्या पावत्या मागा, आणि ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. आपणांपैकी ज्यांना हे समजले आहे, त्यांनी ते शेजारच्या टॅक्सीवाल्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे. गुरुजींनी हेच केले असते.