लिफाफ्यातले मृत्युपत्र आणि तीन भावंडे

वडिलांचे तेरावे आटोपते, गावाहून आलेली माणसे परततात आणि मग घरातले लोखंडी कपाट उघडले जाते. एका कापडी पिशवीत घराचा करारनामा, पासबुके, विम्याचे कागद आणि तळाशी एक लिफाफा. त्यात वडिलांनी लिहून ठेवलेले असते, ‘तुळिंजची जागा धाकट्याला.’ थोरला म्हणतो, “सोसायटीत नॉमिनी म्हणून माझे नाव आहे.” बहीण म्हणते, “मला कुणी एका शब्दाने सांगितले नाही.” इथून वादाला तोंड फुटते.

मुंबईत जागा परवडली नाही म्हणून नालासोपारा पूर्वेला, तुळिंज भागात, पोटाला चिमटा घेऊन घर घेतलेली पिढी आता मागे सरते आहे. त्या घरांचे पुढे काय, हा प्रश्न घरोघरी येतो. हे तीन भावंडांचे कुटुंब मी उदाहरणासाठी कल्पिले आहे, पण यातली वाक्ये आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली आहेत.

आधी थोरल्याचे म्हणणे घेऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ‘कालनिर्णय’ घरोघरी पोहोचवणारे जयंतराव साळगावकर २०१३ साली वारले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेले होते. शिवाय काही कोटी रुपयांच्या बँकठेवी आणि म्युच्युअल फंड होते आणि त्यांवर कुटुंबातल्या काहींची नावे नॉमिनी म्हणून लागलेली होती. नॉमिनी म्हणून या रकमा आपल्याच, की त्या सर्व वारसांच्या, असा प्रश्न उभा राहिला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. ‘शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर’ या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला. नॉमिनीने रक्कम ताब्यात घ्यायची ती विश्वस्तासारखी, मालकी वारसा कायद्याप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणे ठरेल, असा त्याचा आशय. केवळ एवढ्या एका प्रश्नासाठी नऊ वर्षे गेली. ते घर जाणत्यांचे होते, वकील करण्याची ऐपत होती. तुळिंजच्या दोन खोल्यांसाठी नऊ वर्षे कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?

सोसायटीच्या घराचेही तसेच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, तेही खरा हक्कदार ठरेपर्यंत. गावठाणातल्या मूळच्या रहिवाशांनी हेच सातबाऱ्याबाबत ध्यानात ठेवावे. तलाठ्याकडे फेरफार झाला, नाव चढले म्हणजे मालकीचा निवाडा झाला असे नाही. ती सारा वसुलीसाठीची नोंद आहे.

आता धाकट्याच्या हातातला कागद. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या फुलस्केपवर हाताने लिहिलेलेही चालते. पण भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे त्यावर करणाराची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. वाद कोर्टात गेला तर त्यांपैकी एकाला तरी हजर करून सही शाबीत करावी लागते. लोक नेमके इथे अडकतात. वडिलांनी आपल्याच वयाच्या मित्रांच्या सह्या घेतलेल्या असतात आणि तोवर तेही गेलेले असतात. मग दुसऱ्या मार्गाने हस्ताक्षर सिद्ध करता येते, पण वाट खडतर होते. वीस वर्षांनी लहान शेजारी साक्षीदार घेतलेला केव्हाही बरा. आणि ज्याला घर मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत तर अशा साक्षीदाराला दिलेली देणगीच कायद्याने रद्द ठरते.

मृत्युपत्र धाकट्यानेच टाइप करून आणले, त्यानेच वडिलांना रिक्षात घालून नेले, आणि वडील तेव्हा आजारी होते, असे निघाले तर संशय दूर करण्याची जबाबदारी धाकट्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५९ सालीच सांगून ठेवले आहे. म्हणून सही करताना डॉक्टरांचा दाखला जोडावा असे वकील सुचवतात, ते उगीच नाही.

प्रोबेटचा धसका मात्र घेऊ नये. मुंबईतल्या मिळकतीसाठी हिंदू कुटुंबांना ते आवश्यक होते, तुळिंजला कधीच नव्हते. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती अटच काढून टाकली.

राहिली बहीण. तिच्या बोलण्यात राग आहे, पण एक कायद्याचा प्रश्नही दडलेला आहे. ही मिळकत वडिलांना देता येत होती का? घर त्यांच्या पगारातून घेतलेले असेल तर ते कुणालाही देऊ शकतात, मुलीला वगळूनसुद्धा. हे कटू आहे, पण खरे आहे. मृत्युपत्र नसते तर हिंदू कायद्याप्रमाणे आई, मुलगे आणि मुलगी यांचा वाटा सारखा झाला असता. जमीन वडिलोपार्जित असेल तर चित्र पालटते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच हिस्सा दिला आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तो हिस्सा वडिलांच्या लिफाफ्यात मावत नाही. घर आई-वडील दोघांच्या नावे असेल तर आईचा भागही नाही. मुस्लिम कुटुंबात तर सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत इतर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २०२४-२५ च्या हिवाळ्यात नालासोपारा पूर्वेच्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. अशा इमारतीतले घर मृत्युपत्रात लिहिले म्हणून अधिकृत होत नाही. भांडण्याआधी करारनामा नोंदलेला आहे का, इमारतीला परवानगी आहे का, कर्ज बाकी आहे का, हे तिघांनी मिळून पाहावे. देणी आधी फेडायची असतात, वाटणी नंतर.

एवढे कागद समोर आले की पुष्कळदा तडजोडीला जागा सापडते. समजा, धाकट्याने जागा ठेवायची आणि थोरल्याला व बहिणीला ठरलेली रक्कम द्यायची. तोंडी ठरलेली वाटणी पुढे केवळ आठवणीसाठी लिहून ठेवली तर नोंदणी लागत नाही, पण ज्या कागदानेच हक्क सोडला जातो तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. साध्या कागदावर “माझे काही म्हणणे नाही” असे लिहून घेणारे पुढे पस्तावतात. आणि बहिणीने रक्कम हातात पडल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही करू नये, भाऊबीज असो वा राखीपौर्णिमा.

दावा आधीच दाखल झाला असेल तरी तो लोकअदालतीत नेता येतो. तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते, तिच्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. बहिणीला वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत आणि घराचा करारनामा न्यावा.