नवीन फिश टँकमधले मासे आठवड्यात का मरतात? पाणी स्वच्छ असूनही!

बेळगाव / निपाणी : वाढदिवस झाला, दहावीचा निकाल लागला किंवा नवीन घराची वास्तुशांती झाली की घरात काचेची टाकी येते. संध्याकाळी टाकी, रात्री पाणी आणि लगेच त्यात दहा-बारा रंगीत मासे. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते, पाचव्या दिवशी पहिला मासा उलटा तरंगतो आणि पंधरवड्यात टाकी माळ्यावर जाते. "रोज पाणी बदललं, खायला पण घातलं, तरी मेले," ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणीपासून चंदगड, गडहिंग्लज, कागलपर्यंत सारखीच ऐकू येते.

यात नशिबाचा भाग फार थोडा. नवीन टाकी दिसायला स्वच्छ असली तरी माशांसाठी ती तयार झालेली नसते. तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तेवढे थांबणे हाच या छंदाचा सर्वांत स्वस्त खर्च आहे.

टाकीत नेमके काय घडते?

मासा पाण्यातच श्वास घेतो, खातो आणि विष्ठाही तिथेच टाकतो. विष्ठा, उरलेले खाद्य आणि माशाच्या कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया येतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. नदी-तळ्यात पाणी भरपूर असते आणि तिथले जीवाणू अमोनिया संपवतात. नवीन टाकीत हे जीवाणू जवळपास नसतातच.

हे काम जीवाणूंचे दोन गट करतात. पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो. तेही विषारीच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर वस्ती करतात.

म्हणूनच पाणी गढूळ दिसताच सगळी टाकी रिकामी करून, खडे आणि स्पंज नळाखाली घासून धुतले की जेमतेम वाढू लागलेले जीवाणू वाहून जातात. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते आणि मासे मात्र त्याच विषात राहतात. काळजी म्हणून केलेली ही धुलाईच अनेकदा त्यांच्या जिवावर उठते.

टाकी केवढी घ्यावी?

गोल बाऊल नवशिक्यासाठी सगळ्यात अवघड. पाणी कमी असले की अमोनिया लवकर साचतो आणि तापमानही झटकन बदलते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही टाकी सुरुवातीला सोयीची. तिचे माप सुमारे ५६ लिटर. खडे घालून, वर थोडी जागा सोडली की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. काच, खडे, पाणी धरून वजन ६० किलोच्या घरात जाते, म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा जास्त. त्यामुळे टीव्हीच्या हलक्या स्टँडवर ती ठेवू नये. खाली सपाट फळी आणि थर्माकोलची शीट घालावी. खिडकीतले थेट ऊन नको, शेवाळ माजते.

सोबत स्पंज फिल्टर आणि एअर पंप, छोटा एलईडी दिवा, थर्मामीटर आणि झाकण हवे. नदीतले खडे वापरायचे असतील तर त्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी आणखी जड करतो.

कुठले पाणी?

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून, निपाणीला जवाहर तलावातून पाणी येते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माणसाला चालते, पण माशाच्या कल्ल्यांना आणि जीवाणूंना घातक ठरते. बादलीत २४ तास उघडे ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण ते बहुधा जड असते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग पडतात, ते जड. गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना असे पाणी मानवते. मात्र ते अल्कधर्मी असेल तर त्यात अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून बोअरवाल्यांनी अधिकच थांबावे. आरओ फिल्टरचे पाणी तर एकट्याने वापरूच नये, त्यात माशांना लागणारे क्षार उरत नाहीत.

महिनाभर रिकामी टाकी

पाणी भरून फिल्टर २४ तास सुरू ठेवावा. माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाकावी. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणावा. दह्याला विरजण लागते तसेच हे. विरजण मिळाले तर वेळ बराच वाचतो.

अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे किट दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. दोन्ही आधी वाढतात, मग उतरतात. दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. मग आधी चारच मासे सोडावेत, दोन आठवड्यांनी आणखी चार. ४५ लिटर पाण्यात दहा-बारा लहान माशांपलीकडे जाऊ नये.

सुरुवात कोणत्या माशांनी?

गप्पी सगळ्यांच्या ओळखीचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते तो टाक्यांत सोडते. तो, प्लॅटी आणि मॉली पिल्ले घालणारे मासे आहेत. नर-मादी एकत्र ठेवले तर साधारण महिन्याला पिल्ले होतात आणि टाकी पुरत नाही. म्हणून फक्त नर घ्यावेत. झेब्रा डॅनियो हा मूळचा भारतीय मासा आहे. तो काटक आणि थोडी थंडी सोसणारा, पण सहाच्या घोळक्यात ठेवावा. फायटर नर टाकीत एकच. गोल्डफिश थंड पाण्यातला आणि मोठा होणारा मासा आहे, या टाकीत तो नको.

देशात शोभेच्या माशांचा मोठा व्यापार चेन्नईचा कोळत्तूर भाग आणि कोलकाता परिसरातून चालतो. दुकानातला मासा बहुतेक वेळा शेकडो किलोमीटर पिशवीतून आलेला, थकलेला असतो. आल्या दिवशीचा मासा घेऊ नये, चार दिवस दुकानात टिकलेला घ्यावा. पंख मिटलेला, अंगावर पांढरे ठिपके असलेला, पृष्ठभागावर धापा टाकणारा नको. घरी आणल्यावर बंद पिशवी १५-२० मिनिटे टाकीत तरंगू द्यावी. मग मासा जाळीने टाकीत सोडावा. दुकानाचे पाणी ओतू नये.

थंडी, वीज आणि तंबाखू

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. उष्ण प्रदेशातल्या माशांना २४ ते २७ अंश पाणी लागते. म्हणून ५० वॅटचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर घ्यावा. पाण्यात हात घालण्याआधी त्याचा प्लग काढावा.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. हीटर दिवसातले १२ तास चालला तर महिन्याला १८ युनिट. ५ वॅटचा पंप दिवसरात्र चालून साडेतीन युनिट. १० वॅटचा दिवा रोज आठ तास म्हणजे अडीच युनिट. हिवाळ्यात एकूण २४, एरवी सहा. कर्नाटकात गृहज्योतीमुळे ज्यांचे बिल शून्य येते, त्यांची मोफत युनिटांची मर्यादा आधीच्या वापरावरून ठरलेली असते. २४ युनिट वाढल्यावर त्यात बसते का, हे आधी बघावे.

वीज बराच वेळ गेली तर बॅटरीवरचा छोटा पंप कामी येतो. तो नसेल तर मगने पाणी उचलून वरून ओतत राहावे आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे.

एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. त्याच्याजवळ डासांची कॉइल किंवा कीटकनाशक फवारा नको. निपाणी भागात घरोघरी तंबाखू आणि विडीचे काम चालते. तंबाखूतले निकोटिन माशांना विष आहे. हात साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळल्याशिवाय टाकीत घालू नयेत.

रोजचे आणि आठवड्याचे काम

खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे, सगळे कधीच नाही. स्पंज नळाखाली न धुता, काढलेल्या जुन्या पाण्यातच हलकेच पिळावा.

नको झाले तर नदीत नाही

छंद संपला की मासे नदीत, विहिरीत सोडणे अनेकांना पुण्याचे वाटते. पण सोडलेला बाहेरचा मासा तिथे वाढला तर मूळ माशांचे खाद्य आणि अंडी संपवतो, रोगही पसरवतो. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात सापडलेल्या माशाची २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने नवीन प्रजाती म्हणून नोंद झाली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. तीच हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लजवरून संकेश्वरकडे येते आणि घटप्रभेला मिळते. वेदगंगा, दूधगंगाही अशाच कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी, चिकोडी भागात उतरतात. वर सोडलेला मासा खालच्या गावात पोचायला वेळ लागत नाही.

मासे नको झाले तर दुकानदाराला परत द्यावेत किंवा टाकी सांभाळणाऱ्या कुणाला तरी द्यावेत. ज्यांची टाकी आज माळ्यावर आहे, त्यांना नवीन काही विकत घ्यायची फारशी गरज नाही. टाकी उतरवून, पाणी भरून, पंप लावावा आणि कॅलेंडरवर पुढच्या महिन्याच्या याच तारखेला खूण करावी. मासे आणायला जायचे ते त्यानंतर, किटवर दोन्ही आकडे शून्य दिसल्यावरच.