तयार रकाने आणि नवी कल्पना

कंपनीचा कारभार संगणकावर गेला कीं नव्या कल्पना आपोआप निघूं लागतात, असा समज हल्लीं रूढ आहे. पुण्याचा अनुभव निराळा आहे. हवा तसा समर्थ महासंगणक देण्याचें अमेरिकेनें नाकारलें, तेव्हां १९८८ सालीं येथें ‘सी-डॅक’ स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ उभा केला. त्यांतील प्रोसेसर परदेशी होते खरे. परंतु अनेकांकडून एकच गणित वांटून करविण्याची जुळणी येथें झाली. तयार यंत्र मिळतें, तर हा खटाटोप बहुधा झालाच नसता.

आज पुष्कळ कारखान्यांत सॉफ्टवेअर तयारच विकत येतें. हिशेब चोख राहतो, ही सोय लहान नव्हे. पण त्यांतील रकाने दुसऱ्यानें आंखलेले असतात. कामगारानें नवी रीत करून पाहिली तर तिला रकाना नसतो. त्यांत गेलेला अर्धा तास मात्र साहेबांच्या पडद्यावर तत्काळ उमटतो. दुसऱ्या दिवशीं तो जुन्याच रीतीनें काम करतो.