उतरंडीच्या तळाची नोंद

तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त. महसूल खात्याची ही उतरंड खेड्यातल्या माणसाला तोंडपाठ असते. वर जावे तसतसा अधिकार वाढतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. पण मडक्यांच्या उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाशी असते, आणि महसूल खात्याच्या बाबतीतही काहीसे तसेच आहे.

नवऱ्यामागे सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावू पाहणाऱ्या बाईचे उदाहरण घेऊ. ती कलेक्टर कचेरीत जात नाही. सजाच्या तलाठ्याकडे जाते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत तलाठ्यालाच द्यायची असते. कलम १५० प्रमाणे तो फेरफार नोंदवहीत नोंद धरतो आणि संबंधितांना नोटिसा काढतो. दर्जाचा प्रश्न येतो तो यानंतर. नोंदीला हरकत नसेल तर मंडळ निरीक्षक, म्हणजे आजचा मंडळ अधिकारी, ती प्रमाणित करू शकतो. दिराने किंवा पुतण्याने हरकत घेतली, तर निर्णय देणारा अधिकारी अव्वल कारकुनाच्या दर्जाहून खालचा चालत नाही. म्हणजे कायद्याने दर्जा ठरवला तो निवाडा करणाऱ्याचा. नोंद लिहिणारा मात्र तळाचाच राहिला.

या लिहिण्याला वजन किती, ते कलम १५७ सांगते. प्रमाणित झालेली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरीही नोंद चुकली तर ती खोटी ठरवण्याचा भार त्या बाईवर पडतो. तिला साठ दिवसांत प्रांतांकडे अपील करावे लागते. तलाठ्याचा रोजचा वरिष्ठ तहसीलदार. पण अपिलाची वाट त्याला वगळून थेट प्रांतांकडे जाते. कामाची उतरंड एक आणि दाद मागण्याची दुसरी, हे पुष्कळांना पहिली तारीख पडल्यावरच कळते.

पूर्वी गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या हाती असे. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली. वंशपरंपरेची लेखणी पगारी आणि बदलीपात्र नोकराकडे आली, ही मोठीच सुधारणा. अलीकडे तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नवे पदनामही मिळाले. शिडीवरची त्याची पायरी मात्र तीच आहे.

एकेक पायरी चढायची म्हणजे तारखा, वकील आणि बुडालेली मजुरी. तोवर सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला पीककर्ज मागायचे किंवा अतिवृष्टीची भरपाई घ्यायची, तर पहिला प्रश्न येतो, ‘उताऱ्यावर नाव आहे का?’ वरिष्ठांची संख्या वाढवल्याने या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. पहिली नोंद वेळेत आणि बिनचूक झाली, तरच ते बदलते.