तारांची भीती

"डॉक्टर, ही अशी ऐकायची नाही. मी हात धरतो, तुम्ही माप घ्याच!" दातांना तारा बसविण्यासाठी हिमायतनगरजवळच्या खेड्यातून आणलेल्या बारा वर्षांच्या मुलीचे वडील मला म्हणाले. मी नवखा असताना एका मुलाचे माप असेच बळजबरीने घेतले होते. माप मिळाले, मुलगा मात्र पुन्हा फिरकला नाही. त्यामुळे वडिलांना बाहेर बसविले आणि तिलाच विचारले. तार बसविताना प्रत्येक दातात सुई टोचतात, असे तिला घरी सांगितले होते!

वास्तविक तारा बसविताना सहसा इंजेक्शन लागत नाही. जागा करण्यासाठी एखादा दात काढावा लागला, तरच ते द्यावे लागते. १९५९ साली अमेरिकेतील दंतवैद्य अॅडलस्टन यांनी लहान मुलांसाठी सोपी रीत मांडली: आधी सांगा, मग दाखवा, नंतर करा. मी त्या मुलीच्या हाती आरसा दिला, मापाची पूड तिलाच पाण्यात कालवू दिली. 'डावा हात वर केलास की मी थांबेन,' असे ठरले. तिने हात वर केला आणि मी थांबलो. माप त्या दिवशी झालेच नाही, आठ दिवसांनी झाले. माप घेताना उमासे येतात. अशा वेळी ताठ बसावे, मान किंचित पुढे घ्यावी, नाकाने श्वास घ्यावा. दोन-तीन मिनिटांचाच प्रश्न असतो.

खरी कसोटी पुढे असते. तार आवळल्यावर काही तासांनी दात ठणकू लागतात, दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात आणि साधारण आठवड्याभरात शांत होतात. हे आधी सांगितले नाही, तर काहीतरी बिघडले असे वाटून माणसे घरी पकडीने तार ओढतात. तसे करू नये. गार पाणी प्यावे, भाकरी दुधात चुरून खावी, तार गालाला टोचत असल्यास डॉक्टरांकडून मेण आणून लावावे.

काही मुले दर वेळी तारेचा तुकडा निखळवून येतात. ऊस, फुटाणे, चिक्की! मी रागावत नाही. रागावले की पुढच्या वेळी ती मोडतोड लपवितात.

पालकांनी सुईचा धाक घालू नये, आणि 'काहीच दुखणार नाही' असेही सांगू नये. 'थोडे दुखेल, हात वर कर, डॉक्टर थांबतील,' एवढे पुरे.