आधी नीट पाहा, मग नाव द्या : डॉ. रॉबर्ट विलन



घामोळे, खरूज, नायटा, इसब, कोड हे शब्द आपण घरी लहानपणापासून ऐकतो. पण कुणाच्या अंगावर काही उठलेले दिसले की नीट चौकशी न करताच 'याच्यापासून लांब राहा' असे बजावले जाते. या एका वाक्याने एखादे मूल वर्गात एकटे पडते. म्हणून या अंकात आम्ही अशा एका वैद्याची ओळख करून देत आहोत, ज्याने त्वचारोग शांतपणे पाहायला शिकवले.

रॉबर्ट विलन यांचा जन्म १७५७ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. १७८० मध्ये एडिंबरो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते पुढे लंडनला आले. १७८३ पासून ते तेथील गोरगरिबांच्या सार्वजनिक दवाखान्यात काम करू लागले. दाट वस्तीत राहणारे, नाना तऱ्हेच्या त्वचारोगांनी पीडित लोक तेथे येत.

त्या काळी त्वचारोगांच्या नावांचा मोठा गोंधळ होता. एकाच रोगाला अनेक नावे आणि एकाच नावाखाली अनेक रोग! नावच नक्की नसेल तर एका वैद्याचा अनुभव दुसऱ्याला कसा कळणार?

विलन यांनी साधी पण शिस्तीची वाट धरली. त्वचेवर प्रत्यक्ष काय दिसते, ते आधी पाहायचे. त्यावरून त्यांनी आठ गट पाडले : बारीक टणक पुरळ, खवले, अंगावर उठणारी लाली, मोठे फोड, पू भरलेल्या पुटकुळ्या, पाण्याच्या बारीक पुटकुळ्या, गाठी आणि डाग. या वर्गीकरणाबद्दल १७९० मध्ये लंडनच्या मेडिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १७९८ ते १८०८ या काळात त्यांचा ग्रंथ रंगीत चित्रांसह भागाभागाने प्रसिद्ध झाला. त्यात पहिले चार गटच आले. १८१२ मध्ये मदेरा बेटावर विलन यांचे निधन झाले. राहिलेले काम त्यांचे शिष्य थॉमस बेटमन यांनी पुढे नेले.

विलन यांच्याकडूनही चूक राहिली. खवले पडणाऱ्या एका रोगाला त्यांनी 'लेप्रा' हे जुने नाव ठेवले. ऐकणाऱ्याला तो कुष्ठरोगच वाटे. प्रत्यक्षात तो आज सोरायसिस म्हणून ओळखला जाणारा, स्पर्शाने न पसरणारा आजार होता. हा घोळ १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी दूर केला. एका चुकीच्या नावाने किती निरपराध रोग्यांना वाळीत टाकले गेले असेल, याची कल्पना करावी.

आपल्याकडेही अंगावरचे पांढरे कोड आणि कुष्ठरोग यांची गल्लत होते. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. ते कोणालाही लागत नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. १८७३ मध्ये नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी तो जंतू शोधला. आज औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो. म्हणून बधिर चट्टा दिसला तर तो लपवू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावा.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे : मुलांना लांब राहायला सांगण्याआधी रोगाचे नाव डॉक्टरांकडून समजून घ्या. आणि मुलांनो, कोड असलेल्या मित्राशेजारी बाकावर खुशाल बसा, त्याच्या डब्यातला घासही खा.