आकाशगंगेची मार्गदर्शिका कोठून उघडावी?

विनोदी विज्ञानकथा : लेखांक चौथा

एखादी कथा नभोनाट्य, कादंबरी, दूरचित्रवाणी मालिका, संगणकीय खेळ आणि चित्रपट अशा अनेक माध्यमांतून उपलब्ध असली, की नव्या वाचकाला साधारणपणे एकच सल्ला दिला जातो : आधी मूळ कृती वाचावी आणि मग तिची रूपांतरे पाहावीत. डग्लस अ‍ॅडम्स (१९५२–२००१) या इंग्रज लेखकांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या विनोदी विज्ञानकथेला मात्र हा सल्ला सरळपणे लागू पडत नाही. जिला बहुतेक वाचक मूळ कृती समजतात ती कादंबरी स्वतःच एका नभोनाट्याचे रूपांतर आहे. शिवाय बहुतेक प्रमुख रूपांतरांत अ‍ॅडम्स यांचा स्वतःचा हात असून त्यांनी दर वेळी घटनांचा क्रम, पात्रांचे नशीब आणि कथेचा शेवट मोकळेपणाने बदललेला आहे. त्यामुळे या रूपांपैकी कोणते अस्सल, हा वाद निष्फळ ठरतो; कोणत्या माध्यमात या कथेचा विनोद सर्वांत चांगला फुलतो, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे आणि सुरुवात कोठून करावी याचे उत्तरही त्यातच आहे.

कथेचा सांगाडा अगदी साधा आहे. आर्थर डेंट या सामान्य इंग्रज गृहस्थाचे घर एका वळणरस्त्यासाठी पाडले जाणार असते आणि त्याच दिवशी वोगॉन नावाचे परग्रहवासी नोकरशहा अंतराळातील तशाच एका महामार्गासाठी अख्खी पृथ्वी पाडून टाकतात. आर्थरचा मित्र फोर्ड प्रीफेक्ट हा वस्तुतः परग्रहावरचा असून ‘गाइड’ नावाच्या विश्वव्यापी प्रवासमार्गदर्शिकेसाठी माहिती गोळा करण्याचे काम करतो. तो आर्थरला घेऊन वोगॉनांच्याच यानात चोरून शिरतो. हिचहायकिंग म्हणजे जाणाऱ्या वाहनाला अंगठा दाखवून, पैसे न देता, दुसऱ्याच्या गाडीतून मजल दरमजल केलेला प्रवास. तो येथे ताऱ्यांदरम्यान घडतो. पुढे दोन डोक्यांचा पळपुटा अध्यक्ष झेफॉड, पृथ्वीवरून त्याच्याबरोबर गेलेली ट्रिलियन आणि कायम खिन्न असणारा यंत्रमानव मार्विन ही पात्रे येऊन मिळतात. जीवनाच्या अंतिम प्रश्नावर पंचाहत्तर लाख वर्षे विचार करून ‘४२’ एवढेच उत्तर देणारा महासंगणक याच कथेतला.

घटना इतक्या जलद आणि इतक्या योगायोगाने घडतात, की केवळ कथानकाच्या ओढीने ही कथा वाचणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो, कारण तिचा खरा आधार घटनांवर नसून त्या वारंवार थांबवून बोलणाऱ्या निवेदकावर आहे. हा निवेदक म्हणजे ती मार्गदर्शिकाच. पात्रे संकटात सापडली, की ती मध्येच एखाद्या ग्रहाविषयी, प्राण्याविषयी किंवा पेयाविषयी ज्ञानकोशाच्या गंभीर सुरात माहिती सांगू लागते, आणि सूर जितका गंभीर तितकी माहिती हास्यास्पद असते. या निवेदकाला कोणत्या माध्यमाने कसे वागवले, ही कसोटी लावली असता प्रत्येक रूपाची योग्यता आपोआप ठरते.

पहिले रूप बीबीसीच्या रेडिओ ४ या वाहिनीवर ८ मार्च १९७८ रोजी रात्री उशिरा सुरू झाले. सहा भागांच्या या पहिल्या मालिकेतील शेवटच्या दोन भागांच्या लेखनात जॉन लॉइड यांचा सहभाग होता. त्या काळी रेडिओवरील विनोदी कार्यक्रम बहुधा प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित होत आणि त्यांचा हशा कार्यक्रमाचाच भाग असे. निर्माते जेफ्री पर्किन्स यांच्या या मालिकेत मात्र हशा नव्हता, तर बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या विभागाने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक साधनांनी नवे ध्वनी घडवणाऱ्या कार्यशाळेने, सिद्ध केलेले ध्वनींचे दाट जाळे होते. मार्गदर्शिकेचा आवाज पीटर जोन्स यांनी दिला. काहीशा गोंधळलेल्या पण समजूतदार वडीलधाऱ्यासारखा तो आवाज कोणत्याही विसंगतीने विचलित होत नाही. पात्रांचे संवाद, यानांचे आवाज आणि हे निवेदन एकाच पातळीवर, कानांवाटेच पोहोचत असल्यामुळे कथेतून निवेदनात आणि निवेदनातून पुन्हा कथेत जाताना कोठेही सांधा जाणवत नाही. झेफॉडचे दुसरे डोके रेडिओवर एका वाक्यात उगवते, आणि पुढची सोय ऐकणाऱ्याची कल्पनाशक्ती करते.

कादंबरी १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅन बुक्स या प्रकाशनाने काढली आणि तिच्यात ढोबळमानाने पहिल्या चार भागांचीच कथा आली. पुढची कादंबरी १९८० मध्ये निघाली तेव्हा अ‍ॅडम्स यांनी पहिल्या मालिकेच्या उरलेल्या घटना आणि १९८० च्याच जानेवारीत प्रसारित झालेल्या दुसऱ्या मालिकेच्या घटना नव्या क्रमाने गुंफल्या. परिणामी नभोनाट्याच्या सहाव्या भागाचा शेवट कादंबरीत दुसऱ्या मालिकेतील घटनांच्याही नंतर येतो. कागदावर मार्गदर्शिकेचा आवाज आणि लेखकाचा आवाज एकमेकांत मिसळून जातात, ही कादंबरीची मर्यादाही आहे आणि सामर्थ्यही. पीटर जोन्स यांचा सूर येथे नाही, पण वाक्य लांबवत नेऊन शेवटच्या शब्दात उलटवण्याची अ‍ॅडम्स यांची कारागिरी निवांतपणे, हवे तर दोनदा वाचून, न्याहाळता येते.

पुढील तीन कादंबऱ्या १९८२, १९८४ आणि १९९२ या वर्षी आल्या. त्यांपैकी पहिलीचे, म्हणजे मालेतील तिसरीचे, मूळ ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी अ‍ॅडम्स यांनी आखलेल्या पण न वापरल्या गेलेल्या कथानकात आहे. क्रिकेट हा खेळ एका प्राचीन विश्वसंहारक युद्धाची पुसट स्मृती असल्याची तिची मध्यवर्ती कल्पना असून लॉर्ड्सच्या मैदानावरील एक प्रसंगही तिच्यात आहे, त्यामुळे क्रिकेटवेड्या महाराष्ट्रातील वाचकाला ती विशेष जवळची वाटू शकेल. चौथी बरीचशी प्रेमकथा आहे आणि पाचवी उघडपणे निराशेकडे झुकलेली आहे. म्हणून पहिल्या दोन कादंबऱ्या आवडल्या नाहीत तर पुढे जाण्यात अर्थ नाही. अ‍ॅडम्स यांच्या निधनानंतर २००९ मध्ये ओइन कोल्फर यांनी लिहिलेली सहावी कादंबरी ही पूरक कृती मानावी.

बीबीसी २ वर १९८१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सहा भागांची दूरचित्रवाणी मालिका झाली. निवेदक पीटर जोन्सच राहिले, आणि त्यांच्या शब्दांबरोबर पडद्यावर अक्षरे, आकृत्या व चित्रे सरकत राहतील अशी योजना करण्यात आली. ही दृश्ये संगणकाने काढल्यासारखी दिसत असली, तरी रॉड लॉर्ड यांच्या चमूने ती हाताने काढलेल्या चित्रांच्या सचेतनपटातून, म्हणजे अ‍ॅनिमेशनमधून, साकारली होती. मालिकेचा उत्कृष्ट भाग तोच. इतरत्र मात्र दाखवण्याची सक्ती विनोदाला जड जाते : रेडिओवर एका वाक्यात उगवलेले झेफॉडचे दुसरे डोके येथे अभिनेत्याच्या खांद्यावर बसवलेले एक निर्जीव यंत्र होऊन राहते.

१९८४ मध्ये अमेरिकेतील इन्फोकॉम या कंपनीसाठी अ‍ॅडम्स आणि स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी तयार केलेला संगणकीय खेळ हे या कथेचे सर्वांत अनपेक्षित रूप होय. हा ‘शब्दसाहस’ प्रकारचा खेळ आहे, म्हणजे त्यात चित्रे नसतात. संगणक प्रसंगाचे वर्णन लिहून दाखवतो आणि खेळाडूने आपली पुढची कृती टंकित करायची असते. येथे निवेदक प्रथमच थेट खेळाडूशी बोलतो, त्याची टर उडवतो आणि एके ठिकाणी त्याच्याशी चक्क खोटे बोलतो. सुरुवातीला एका कुत्र्याला सँडविच घालायला विसरलेल्या खेळाडूला त्याची शिक्षा बऱ्याच उशिरा मिळते, आणि भाषांतर करणारा बेबेल मासा मिळवण्याचे कोडे तर त्याच्या अवघडपणामुळेच प्रसिद्ध झाले. कथा आधी ठाऊक नसलेल्याने या खेळापासून दूरच राहावे.

गार्थ जेनिंग्ज दिग्दर्शित चित्रपट २००५ मध्ये प्रदर्शित झाला. पटकथेवर अ‍ॅडम्स मृत्यूपर्यंत काम करत होते आणि ती नंतर कॅरी कर्कपॅट्रिक यांनी पूर्ण केली. त्यामुळे चित्रपटातील काही नवी पात्रे आणि वस्तू पाहून मूळ कथेशी प्रतारणा झाल्याची तक्रार करण्याचे कारण नाही, कारण त्यांतल्या कित्येक अ‍ॅडम्स यांनीच सुचवलेल्या आहेत. चित्रपटाची अडचण निराळी आहे. पावणेदोन तासांत प्रेमकथा आणि पाठलाग बसवताना निवेदनाला कात्री लागते, स्टीफन फ्राय यांच्या आवाजातील नोंदी धावत्या होतात, आणि ज्या विषयांतरासाठी ही कथा जन्मली त्याला उसंत राहत नाही. जगाची तोंडओळख म्हणून तो चालेल. त्यावरून साऱ्या कथामालेविषयी मत बनवू नये.

२००४ आणि २००५ मध्ये दिग्दर्शक डर्क मॅग्ज यांनी उरलेल्या तीन कादंबऱ्यांची नभोनाट्ये केली आणि २०१८ मध्ये कोल्फर यांच्या कादंबरीवरही एक मालिका झाली. कादंबऱ्यांनी रेडिओची दुसरी मालिका मोडून नव्याने जुळवलेली असल्यामुळे मॅग्ज यांच्यापुढे विसंगतीचा पेच होता. तो त्यांनी दुसऱ्या मालिकेतील बराच भाग झेफॉडच्या भ्रमिष्ट मनाचा खेळ ठरवून सोडवला. पाचव्या कादंबरीच्या अंधाऱ्या शेवटालाही त्यांनी अधिक दिलासा देणारी जोड दिली.

या सर्वांतून निघणारा क्रम असा : ज्याला बोललेले इंग्रजी सहज कळते त्याने पहिल्या मालिकेचे सहा भाग ऐकावेत, कारण निवेदकाचा आवाज इतक्या पूर्णपणे अन्यत्र कोठेही भेटत नाही, त्यानंतर पहिल्या दोन कादंबऱ्या वाचाव्यात आणि घटना जुळत नाहीत म्हणून गोंधळून जाऊ नये. ज्याचे इंग्रजी मुख्यतः वाचनातून आलेले आहे, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांच्या बाबतीत ते तसेच असते, त्याने क्रम उलटा करून कादंबरीपासून आरंभ करावा, कारण भराभर बोलणाऱ्या ब्रिटिश पात्रांचे उच्चार पकडण्यात विनोद निसटला तर ऐकण्याचा लाभच उरत नाही. दूरचित्रवाणी मालिका त्यानंतर, चित्रपट तिच्याही नंतर आणि खेळ सर्वांत शेवटी असावा.

पुढील लेखांकात ‘रेड ड्वार्फ’ या मालिकेचा विचार होईल. तिचे बीजही रेडिओवरील छोट्या प्रहसनांतच होते, परंतु ती कथा १९८८ मध्ये दूरचित्रवाणीवर आल्यावर तेथेच स्थिरावली. त्यामुळे तिच्या बाबतीत प्रश्न माध्यमाच्या निवडीचा न राहता कोणत्या वर्षाच्या भागांपासून प्रारंभ करावा, एवढाच उरतो.